गल्लीचा नंबर

आमच्या गल्लीत पदवी घेतलेली मी पहिली. सांगते, कारण ते खरं आहे आणि फुकट मिळालेलं नाही. गल्लीनं माझ्या पदवीचा मान आपल्या पद्धतीनं ठेवला. शाळेत आधारचं शिबिर भरलं, मशीनवाल्यानं प्रत्येकाला मोबाईल नंबर विचारला, आणि सगळ्यांनी माझा दिला. "शिकलेली हाय, मेसेज वाचंल." तेव्हापासून गल्लीभरचे ओटीपी माझ्या फोनवर. मी कामाला शिक्रापूरला. तिथून फोन करून आकडे सांगायचे.

कंपनीत डेटा संरक्षण कायद्याचं ट्रेनिंग झालं. ज्याची माहिती, त्याचीच परवानगी, असं साहेब स्क्रीनवर दाखवत होते. तेवढ्यात शेजारच्या आबांच्या सुनेचा ओटीपी आला. पाठोपाठ तिचा फोन. "ताई, नर्सिंगचा फॉर्म भरतीय. आकडे सांगा, आन् आबांना कळू दिऊ नका. शेतातली फुलं कोण तोडणार म्हणून बंद करतील समदं."

संध्याकाळी एसटीतून उतरले तर आबा डेअरीच्या ओट्यावर.

"सुनेनं पेटीतनं बारावीचं मार्कलिस्ट काढलंय. तिचा काय मेसेज आला का तुझ्याकडं?"

"आला असला तर तो तिचा, आबा."

"नंबर तुझा, सून माझी. मग मेसेज तिचा कसा?"

याचं उत्तर ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

"तसा कायदा आलाय," मी म्हणाले.

"यिऊ दे की. च्या पाजू त्याला."

ओटा हसला. मी म्हणाले, "बरं, सांगते. पण आधी तुमचे सांगते. तुमचा आधारबी माझ्याच नंबरवर हाय."

दूध घालायला आलेले सगळे जवळ सरकले. "माझं कसलं आलंय?" आबा म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं. माणसाला आठवलं की तोंडावर दिसतं. काय ते मी इथंही लिहिणार नाही. त्यांची परवानगी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबांनी जीप काढली. "चल शिरूरला. माझा नंबर बदलायचाय. सुनेचाबी माझ्यावर करतो, म्हंजी तुला तरास न्हाई." सून मागं झेंडूच्या क्रेटांशेजारी बसली होती.

आधार केंद्रात दोन टेबलं. आबांचे अंगठे मशीन घेईना, म्हणून तिथल्या मुलीनं डोळ्यांचं मशीन त्यांच्या तोंडाला लावलं. "आजोबा, हलू नका. पापणी मिटू नका." आबा हलले नाहीत. शेजारच्या टेबलावर विचारलं, "मोबाईल नंबर?" सुनेनं स्वतःचा सांगितला, सावकाश, एकेक आकडा.

"कुणाचा सांगितला गं?" आबा मशीनमधूनच ओरडले.

"आबा, पापणी," मी म्हणाले.

परतताना ते तिला काही बोलले नाहीत. नंबर बदलला तरी जुने मेसेज माझ्याच फोनमध्ये आहेत, हे त्यांना रस्त्यात सुचलं असावं. आता फुलं तेच तोडतात.

प्रवेश मिळाला का, असं मी तिला एकदा विचारलं. "ते माझं हाय, ताई," म्हणाली. बरोबरच आहे. सकाळच्या एसटीत ती माझ्या पुढच्या सीटवर असते. पिशवीतून पांढऱ्या ॲप्रनची बाही बाहेर आलेली दिसते. मी खिडकीतून बाहेर बघते.