मावशीची किल्ली

वसुबारसेच्या दिवशी, दुपारी चार वाजता, माझ्या मावशीवर अन्याय झाला. आमच्या बचत गटाच्या फ्रीझर खोलीत सीताफळाचा गर पातळ झाला. दार मावशीनं उघडं टाकलं असणार, असं भर बैठकीत ठरवून अध्यक्षबाईंनी तिच्याकडून किल्ली काढून घेतली. तिला विचारलंसुद्धा नाही.

आणि त्या खोलीचं गार करणारं मशीन निवडलं कुणी? मावशीनं. बाकीच्यांना खोलीच्या डोक्यावर बसणारं, सगळं एकाच पेटीत असलेलं हवं होतं. बाहेर काही नाही, म्हणजे चोरीची भीती नाही. पण ते आपली गरम हवा शेडमध्येच सोडतं, आणि बिया काढणाऱ्या बाया तिथंच बसतात. मावशी म्हणाली, "गर थंडा अन् आपण उकडलेल्या, असं पाह्यजे का तुमाले?" मग दोन भागांचं आणलं: गार हवेचे पंखे आत, गरम हवा फेकणारं मशीन मागच्या भिंतीबाहेर. किल्ली मावशीकडे आली.

अन्याय झाला की मी पत्रक काढते. काढलं, धाड गावच्या बाजारात वाटलं. त्यात अध्यक्षबाईंना हुकूमशहा म्हटलं, मशीनवाल्यांना लुटारू, आणि खाली जागा उरली म्हणून सरकारलाही धरलं.

मग बुलढाण्याहून मेकॅनिक आला. दार ठीक, दाराचं रबर ठीक. तो मागच्या बाजूला गेला आणि त्यानं आम्हाला बोलावलं. बाहेरच्या मशीनच्या जाळीवर सुतळीनं करकचून एक फ्लेक्स बांधलेला होता. मावशीचा फोटो, 'किल्लीची जबाबदारी मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली शुभेच्छुक म्हणून मी एकटी. रस्त्यावरून तीच जागा छान दिसते, म्हणून मीच बांधला होता.

"ताई," मेकॅनिक म्हणाला, "गरम हवा जाईन कुठं? मशीनचं नाकच दाबलं तुमी."

मावशीनं सुतळी कापून फ्लेक्स हातात घेतला. "फोटो मातर चांगला आला," म्हणाली.

मी बैठकीत माफी मागितली. तरी अध्यक्षबाई म्हणतात, ठराव वहीत लिहून झाला, आता खोडता येत नाही. किल्ली अजून त्यांच्याच कमरेला आहे. म्हणजे चूक माझी, शिक्षा तिला.

गटातल्या बायांनो, पौर्णिमेच्या बैठकीला या आणि मावशीसाठी हात वर करा. येताना मागच्या बाजूनं या. मशीनवर कुणी काही बांधलेलं दिसलं तर कापून टाका. खाली माझं नाव असलं तरी.