इटलीच्या साहेबांची उडी

शेजारच्या कापसाच्या जिनिंगचं इंजिन सांभाळणारे इटलीचे साहेब तरुणपणी अडथळ्यांच्या शर्यती धावायचे. आता पन्नाशी आली, तरी रोज सकाळी पँट दुमडून, आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत ते अंगणात रचलेल्या कडब्याच्या पेंढ्यांवरून उड्या मारत. आमच्या लोहाऱ्यात त्यांच्याशी इंग्रजीत बोलू शकणारी मी एकटीच, पण आमचं बोलणं 'गुड मॉर्निंग'पुढं कधी गेलं नाही.

इटली इंग्रजांविरुद्ध लढाईत उतरली आणि निजाम सरकारनं साहेबांना गाव सोडायला मनाई केली. उड्या मात्र चालूच राहिल्या. "पळून जायची तयारी चाललीय," गावात कुजबुज सुरू झाली.

एके सकाळी पोलिसांचे अमीन, म्हणजे फौजदार, आले. दुभाषी म्हणून मला बोलावलं.

"बेटी, साहेबाला विचार, पळायचा इरादा आहे का? तसं असेल तर हैदराबादला नजरकैदेच्या छावणीत धाडावं लागेल."

मी विचारलं आणि हळूच पुढं जोडलं, "गुडघे गेलेत म्हणून सांगा."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "त्यांना म्हणावं, आणखी एक पेंढी ठेवा."

मी नाइलाजानं तसंच सांगितलं. अमिनांनी हसत पेंढी ठेवली. साहेब धावत आले आणि कमरेएवढ्या ढिगावरून अलगद पलीकडे गेले.

"हरीणच हाय की वो!" एक गाडीवान ओरडला.

अमीन आता हसत नव्हते. "सामान बांधायला सांग, बेटी."

साहेब धापा टाकत माझ्याजवळ आले. "पाय लागला का पेंढीला?"

"नाही लागला," मी म्हटलं, आणि पुढचं सांगायला शब्द शोधू लागले.