पाच फूट दहा इंच

संगणक कोणाच्या बाजूचा नसतो. तो घराणं पाहत नाही, पैसा पाहत नाही. सत्यासमोर त्याला सगळे सारखे. हे विधान मी सडक अर्जुनीच्या एका मंगल कार्यालयात लाउडस्पीकरवरून ऐकलं. ते करणाऱ्या मेळावा समितीच्या अध्यक्षांनी त्याच सकाळी आमच्या संगणकाला झेंडूचा हार घातला होता, आणि हार मॉनिटरवरून घसरायला लागला तेव्हा तो सेलोटेपने चिकटवायला लावला होता.

"आज आपला समाज एकविसाव्या शतकात पाऊल टाकत आहे," असंही ते म्हणाले. शतक तोवर तीन-चार वर्षं दाराशी ताटकळत होतं.

समाज म्हणजे माळव्यातून आलेल्या शेतकऱ्यांचा, आणि कार्यक्रम वधू-वर परिचयाचा. मी त्यांच्यातला नाही. आमच्या घरी आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून कुळ विचारणं बंद झालं होतं, निदान चारचौघांत. गोंदियात माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि या मेळाव्यासाठी स्थळं जुळवणारा प्रोग्राम आमच्याकडून हवा होता, एवढाच माझा संबंध. संगणक जीपमध्ये गादीवर ठेवून आणला. मी मागे स्टेपनीवर बसून आलो.

प्रोग्राम मी लिहिला नव्हता. तो माझ्याकडे शिकवणाऱ्या मुलीने लिहिला होता. ती याच समाजाची, समितीच्या सचिवांची मुलगी. नियम सोपे होते: कुळ वेगळं हवं, वयाचं आणि शिक्षणाचं गणित जमायला हवं. शेवटच्या आठवड्यात अध्यक्षांना आणखी एक सुचलं. मुलगा मुलीपेक्षा उंच हवा, फोटो चांगले येतात.

अडचण वेगळीच होती. चिचगडच्या शाळेतला एक मास्तर उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे टायपिंग शिकायला यायचा. शिकून झाल्यावरही येत राहिला. तिकडून येणारी एसटी कधी वेळेवर आली नाही, पण मुलगी त्या एसटीच्या वेळेवर खिडकीशी असायची. मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. तोही याच समाजाचा, कुळ वेगळं. दोघांनीही मेळाव्यात नाव नोंदवून आपापला नंबर घेतला होता.

आणि तिच्या वडिलांनी समितीच्या बैठकीत उभं राहून सांगून टाकलं होतं, "सुरुवात माह्या घरून. कम्प्युटर जे नंबर देईन त्यातलाच जावई करीन. बाहेरचं स्थळ मले नोको." टाळ्या पडल्या होत्या. वडील दिलेल्या शब्दाला पक्के होते. गावात ही त्यांची ख्याती होती आणि घरात धास्ती.

मेळाव्याच्या आधी मी तिला सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "प्रोग्राममध्ये एक जास्तीची ओळ टाकली तर कोणाला कळणार आहे?"

ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "मंग ते कम्प्युटरनं सांगतलं असं कसं होईन सर? मीच सांगतलं होईन. बापाले फसवून लगन नाई करत मी." मग फाइल सेव्ह करत, "अन् गरज काय? सगळं बसते. मी हातानं लावून पायलं."

तर त्या दिवशी मंचावर पहिला नंबर तिचाच घातला गेला. आपला नंबर तिने स्वतः टाइप केला. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते, त्यांच्या हादऱ्याने मॉनिटरवरचा हार हलत होता. प्रिंटरने कागद ओढून घेतला, करकर करत तीन नंबर छापले आणि थांबला. मास्तरचा नंबर त्यात नव्हता.

तिने प्रिंटरकडे पाहिलं. आणखी काही छापून यायचं असेल, तसं.

अध्यक्षांनी माइकवर पहिला नंबर वाचला. तो गोंदियाच्या एका राईस मिलवाल्याच्या पुतण्याचा निघाला. मिलवाले पुढच्याच रांगेत होते, कोणी आधीच कळवून ठेवल्यासारखे. "अरे भाई, नारियल लाओ," ते म्हणाले, "बाप ने जबान दी है, अब देर काहे की?" नारळ आला. एकदा तो मुलाच्या हातात पडला की स्थळ पक्कं, मागे फिरणं नव्हतं. वडील उठले, उपरणं नीट केलं.

मी तिच्याजवळ गेलो. नंबरांचे रकाने तिच्यासमोर उघडे होते आणि ती एकेक अट बोटाने तपासत होती. कुळ, वय, शिक्षण. बोट उंचीपाशी थांबलं.

"सर," ती पुटपुटली, "पाच-दहा."

मलाही तेव्हाच कळलं. आम्ही उंची साध्या आकड्यांत भरली होती: तिची पाच फूट तीन इंच म्हणजे ५.३, मास्तरची पाच फूट दहा इंच म्हणजे ५.१०. संगणकाला फूट-इंच काय माहीत? त्याच्या लेखी ५.१० म्हणजे ५.१, आणि ते ५.३ पेक्षा कमी. पाच-दहाचा मास्तर तिच्याहून बुटका ठरून बाद झाला होता. तपासणी आम्ही क्लासमधल्या पोरांवर केली होती आणि त्यांच्यात कोणी पाच-नऊच्या वर नव्हता. मास्तर सोडला तर जिल्ह्यातल्या उंच माणसांना टायपिंगची आवड कमी.

"सांग," मी म्हटलं.

"काय सांगू? कोन सुटला, ते सांगाव लागन ना."

पेच हाच होता. चूक दाखवायची तर माणूस दाखवावा लागणार, आणि माणूस दाखवला की सहा गावांसमोर तिने आपलं स्थळ आपण मागितल्यासारखं. त्यानंतर वडिलांनी तिचं काय केलं असतं, याचा अंदाज मला होता. तिला माझ्याहून जास्त होता.

वडिलांचा हात नारळाकडे गेला.

"बाबा, थांबा." ती उठून उभी राहिली. आवाज माइकमध्ये गेला आणि तिच्याकडेच परत आला. "प्रोग्राम चुकला."

"कम्प्युटर चुकला?"

"कम्प्युटर नाई. मी. पाच-दहाच्या मानसाले त्यानं पाच-तीनहून बुटका धरला."

अध्यक्ष हसले. "बेटा, निर्णय झाला. आताच सांगितलं मी, संगणक कोणाच्या—"

"कोन हाय पाच-दहाचा?" वडिलांनी विचारलं. अध्यक्षांना नव्हे, तिला.

तिची मान खाली होती, पण ती बसली नाही.

मग मागे, खांबाजवळ, मास्तर उभा राहिला. सकाळी मेळाव्याचा बॅनर त्यानेच स्टुलाशिवाय बांधला होता. बायकांच्या बाजूला तिची आत्या होती, वडिलांची मोठी बहीण. तिच्या जिभेला वडीलही भीत. ती मान वर करकरून त्याच्याकडे पाहू लागली.

"हा बुटका? अगा भाऊ, याले तं माह्या घरात वाकून याव लागन! आंधरी हाय काय तुमची मशीन?"

मांडव हसला. वडील हसले नाहीत. त्यांनी मास्तरला पुढे बोलावलं आणि मुलीला म्हणाले, "त्याच्या बाजूले उभी राय."

ती राहिली. दोघं एकमेकांकडे न पाहता समोर पाहत होते, पोलीस भरतीला उभे असल्यासारखे. तिचं डोकं त्याच्या हनुवटीच्या जरा वर येत होतं. वडील बराच वेळ पाहत राहिले. तेवढा वेळ उंचीसाठी लागत नाही.

"दुरुस्त कर," ते शेवटी म्हणाले. "अन् परत चालव. सगळ्यांसमोर."

मिलवाले उठले. "ये तमाशा है क्या?" कोणी त्यांना बसवलं, कोणी अध्यक्षांना. तिने सगळ्या उंच्या इंचांत करायची ओळ लिहायला घेतली. दोनदा चुकली, दोनदा खोडलं. मी शेजारी उभा राहून दिवे जाऊ नयेत एवढंच इच्छित होतो. मी कशाला हात जोडत नाही, पण त्या दिवशी माझे डोळे बराच वेळ मंचावरच्या ट्यूबलाइटवर होते.

प्रिंटर पुन्हा करकरला. या वेळी चार नंबर. पुतण्या पहिला, मास्तर चौथा.

"पयला तो पयलाच है," मिलवाले म्हणाले.

"पयला कोनी म्हणलं नोतं," वडील म्हणाले. "त्यातला म्हणलं होतं." त्यांनी नारळ उचलला आणि मास्तरच्या हातात दिला. देताना त्यांनाही मान वर करावी लागली.

पुढच्या वर्षी आम्हाला बोलावणं आलं नाही. मी त्या दोघांच्या लग्नात झालेल्या ओळखीने मेळाव्यात जेवायला गेलो, तेव्हा संगणकाच्या जागी मांडवाच्या खांबावर, जमिनीपासून वर, शिंप्याचा टेप खिळ्यांनी ठोकलेला होता. अध्यक्षांनी त्यालाही हार घातला होता. शिंप्याचा टेप साठ इंचांवर, म्हणजे पाच फुटांवर संपतो.