वकिलांच्या मानगुटीवरच्या काकू

काकूंना वकील आवडत नसत, आणि न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमकं त्यांनाच वकिलांच्या मानगुटीवर बसवलं होतं. तिथे वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला स्थानिक समित्या असतात. सुनावणीला दोन वकील आणि एक वकील नसलेला माणूस बसतो. औषध कंपनीतून रिटायर झालेल्या आमच्या पार्सिपनीच्या काकू म्हणजे तो माणूस. "दोन बोके, आणि लोण्यावर लक्ष ठेवायला मी," असं त्या सांगत. पगार शून्य.

मी २००४ साली त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला गेलो. तक्रारी गुप्त असत, तरी मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणाला लोक त्यांना कोपऱ्यात गाठायचे. "काकू, नाव नको, नुसती हिंट द्या." काकू शांतपणे घास संपवायच्या आणि म्हणायच्या, "वांगी छान झालीत." घरी काकाही खडा टाकून बघत, "आज कुणाचा निकाल लावलास?" त्यांनाही वांगीच मिळत.

वकील जातीबद्दलचं मत मात्र त्या मोफत वाटत. "चोर थोडेच असतात रे. बाकीचे आळशी. पण आळशाच्या टेबलावर दुसऱ्याचं आयुष्य आंबत पडतं."

माझंही पडलं. मंडळाचे अध्यक्ष इमिग्रेशनचे वकील होते; सगळे त्यांना 'साहेब' म्हणत. माझ्या छोट्या कंपनीचं व्हिसाचं काम त्यांच्याकडे होतं. माझे कागद सरकारकडे "गेले, गेले" असं ते महिनोन् महिने सांगत राहिले. ते गेलेच नव्हते. व्हिसाची मुदत संपली आणि कंपनीने मला घरी बसवलं. मी तडक काकूंच्या किचनमध्ये गेलो.

"काकू, साहेबांनी माझं..."

"थांब! एक शब्द बोलू नकोस." काकूंनी मिक्सर सुरू केला. रिकामाच. त्या घरघरीवर आवाज चढवून म्हणाल्या, "तक्रार असेल तर समितीच्या ऑफिसात कर. इथे नाही!"

मला वाटलं, झालं! अध्यक्षांना पाठीशी घालतायत. त्याच रागात मी तक्रार ठोकली. असे वैतागलेले आणखीही होते. प्रकरण सुनावणीला आलं तेव्हा काकूंनी समितीला सांगितलं, "तक्रार करणारा माझ्या घरात राहतो आणि वकील माझ्या हातचे मोदक खातो. मी यात बसणार नाही." इकडे मी गाठलेल्या नव्या वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, "आधीच्या वकिलाविरुद्ध रीतसर तक्रार केलीस का?" ती केली होती, म्हणून उशीर माझ्यामुळे झाला नाही हे सरकारला पटवता आलं. माझी नोकरी वाचली.

साहेबांचं लायसन्स काही महिन्यांसाठी गेलं, आणि मंडळाने खापर काकूंवर फोडलं. दर गणपतीला मोदक त्यांच्याकडे असत. त्या वर्षी फोन आला की केटरर ठरवलाय.

"बरं झालं, मनगट दुखतच होतं," काकू म्हणाल्या. पण त्या संध्याकाळी त्यांनी मोदकपात्र पुसून कपाटात पार मागे ठेवून दिलं.

मला राहवेना. "लोकांना सांगा ना, तुम्ही त्यात नव्हता म्हणून."

"म्हणजे असते तर चुकलं असतं, असंच ना? मग नाही सांगायचं."

एकदा साहेब स्वतःच येऊन धडकले. काकूंनी चहा दिला. साहेब कप न उचलता म्हणाले, "काकू, तुम्ही तरी आधी मला एक शब्द सांगायचा होतात."

"काय सांगणार? कागद पाठव म्हणून? ते तर हा वर्षभर सांगत होता," माझ्याकडे बोट दाखवत काकू म्हणाल्या. "चहा घे, गार होतोय."

साहेबांनी चहा घेतला. दुसरा कपही घेतला.

२००८च्या हिवाळ्यात काकू गेल्या. फ्युनरल होममध्ये अंत्यदर्शनाला मंडळाची माणसं आली, खाली माना घालून साहेबही आले. मागच्या रांगेत समितीतला एक पांढऱ्या केसांचा अमेरिकन वकील बसला होता. निघताना तो माझ्याजवळ थांबला. "आम्ही एखाद्या वकिलाला सांभाळून घ्यायला लागलो, की त्या विचारायच्या, 'त्याचा क्लायंट आज कुठे आहे?' भयंकर राग यायचा आम्हाला त्यांचा." त्याचे डोळे भरून आले होते.

मग नाक पुसून त्याने मला निरखून पाहिलं. "तुम्ही वकील आहात का?"

"नाही."

"उत्तम," तो म्हणाला. "अर्ज करा."