दोन टेबलं, एक जागा

कारखान्यात त्यांना सगळे मास्तरीण म्हणत. शाळेचं तोंड त्यांनी सातवीनंतर पाहिलं नव्हतं. पण कपडे बेतून कापणाऱ्याला कटिंग मास्तर म्हणतात, आणि मास्तर बाई असली की ती मास्तरीण. सतराव्या वर्षी शिवलेल्या कपड्यांचे लोंबते दोरे कापायला त्या कामाला लागल्या. मग काजं-बटणं, मग इस्त्री, आणि एक दिवस मोठ्या टेबलाशी ती लांब, जड कात्री त्यांच्या हातात आली. काय तो रुबाब! कानावर पेन्सिल, गळ्यात टेप, आणि चाल अशी की समोरच्याने आपोआप बाजूला व्हावं. बावीस वर्षं बारा टेबलं त्यांच्या नजरेखाली होती. कुणाची खडूची रेघ सुताएवढी हलली तरी लांबून हाक यायची, "अहो, कापड रडतंय तिथं!"

पाच महिन्यांपूर्वी त्या कारखान्याला टाळं लागलं. बाकी सगळीकडे कापणीची यंत्रं आलेली. हाताने कापणारा एकच कारखाना उरला होता आणि तिथे एकच जागा होती, तीही कापून दाखवायची ट्रायल घेऊन भरायची. वय एकोणपन्नास, नवरा पाठ धरल्यामुळे घरी. ही जागा हुकली तर घरात बसून लोकांच्या पँटच्या चेन बदलायच्या, एवढंच हाती उरणार होतं.

त्यांची नणंद एका ऑफिसात नोकरभरतीचं काम पाहायची. ट्रायलच्या आदल्या दिवशी ती मुद्दाम आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ठाण मांडून बसली.

"वहिनी, नीट ऐक. उमेदवार बुडतात ते तोंडामुळे."

"माझ्या तोंडाला काय झालंय?"

"दादाला विचार."

"मला मध्ये घेऊ नका," आतून आवाज आला. "माझी पाठ आधीच मोडलीये."

"तर, जुन्या मालकाला नावं ठेवायची नाहीत. पगाराचा आकडा आपण आधी बोलायचा नाही. केलेल्या कामाचे दोन नमुने सोबत न्यायचे. 'सगळं येतं' म्हणायचं नाही. काय येतं ते नेमकं सांगायचं. आणि ट्रायल सुरू झाली की आपल्या टेबलावरून मान वर काढायची नाही. शेवटचं म्हणजे, कुणाची तक्रार करायची नाही. तक्रार घेऊन आलेलं माणूस कुणालाच नको असतं."

"म्हणजे तोंडाला कुलूप?"

"आणि किल्ली माझ्याकडे दे."

सल्ला बावनकशी होता. नोकरी शोधणाऱ्या कुणालाही डोळे मिटून द्यावा असा.

दुसऱ्या दिवशी दोन टेबलांवर मखमल पसरलेली होती. दोन तासांत एका कोटाचे सगळे भाग कापायचे होते. मखमलीला लव असते. एका दिशेने हात फिरवला की कापड उजळ दिसतं, उलटा फिरवला की काळपट. सगळे भाग एकाच दिशेने मांडले नाहीत तर एका कोटाला दोन रंगांच्या बाह्या लागतात. मॅनेजरबाईंनी घड्याळ लावलं आणि त्या आपल्या केबिनमध्ये गेल्या.

तासभर मास्तरणींनी मान वर काढली नाही. कात्री पाण्यातून जावी तशी चालली होती. मग शेजारी कागदी नमुना सरकल्याचा आवाज झाला आणि डोळा वळलाच. दुसरा उमेदवार तिशीचा, घामाने निथळणारा. कापड वाचावं म्हणून त्याने एक बाही उलटी मांडली होती.

नको बघू, त्यांनी स्वतःला दटावलं. नको बघू. त्याने कात्रीचा जबडा उघडला.

"अहो, थांबा! लव उलटी जातेय!"

"ताई, मी आजवर सुतीच कापलंय हो," तो रडवेला झाला.

"मग रडताय काय? पुसा तो खडू. व्हा बाजूला."

बावीस वर्षांची सवय ती. तिला ट्रायल काय कळणार? मास्तरणींनी त्याची अख्खी मांडणी नव्याने बसवली, रेघा मारून दिल्या, वर कापडही कसं वाचतं ते दाखवलं. वीस मिनिटं गेली. घड्याळ वाजलं तेव्हा त्याचं काम पुरं झालेलं, आणि यांची कॉलर नि एक खिसा कापडातच होता.

मॅनेजरबाईंनी दोन्ही टेबलं पाहिली. "तुमची कापणी सुरेख आहे, पण वेळेत झाली नाही," त्या मास्तरणींना म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. "आणि ही मांडणी! केवढं कापड वाचवलंत. आधी मखमल कापलीय वाटतं?"

त्याने एकदा मास्तरणींकडे पाहिलं, एकदा फरशीकडे. "थोडंफार," तो म्हणाला.

'ती मांडणी माझी आहे.' एवढंच एक वाक्य बोलायचं होतं. पण हीच की ती तक्रार, असं त्यांना वाटलं.

"तुम्हाला काही सांगायचंय?" मॅनेजरबाईंनी विचारलंही.

"नाही," मास्तरीण म्हणाल्या.

जागा त्यालाच मिळाली. रस्त्यावर तो धावत मागून आला. "ताई, माझ्या तोंडून निघालंच नाही."

"कळलं मला."

तो जाईना. "उद्यापासून कापडाचे थर लावून कापायचंय म्हणे. कसं करू?"

त्यांनी तोंड फिरवून चालू पडायला हवं होतं. पण त्या थांबल्या. "चारच थर लावा. मध्ये पातळ कागद घाला, नाहीतर लवेवर लव चढते आणि सगळं सरकतं." उभ्या उभ्या त्यांनी त्याला सगळं सांगितलं, अगदी कात्रीला धार कुठून लावावी इथपर्यंत.

घरी नणंदेने कपाळावर हात मारला. "बोलली का नाहीस?"

"तूच म्हणालीस, तक्रार नको."

"अगं वहिनी, ती तक्रार कुठे होती? तो तुझा अनुभव होता! तोच सांगायला तर मुलाखतीला जातात."

"मग तसं सांगायचं होतंस."

नणंदेच्या यादीत हे नव्हतं.

पुढच्या सोमवारी वरच्या मजल्यावरून पहिली पँट आली. मास्तरीण पलंगाच्या कडेला बसल्या, मांडीवर मावेल एवढंच कापड घेऊन. जुनी चेन उसवली, नवी बसवली, दोनदा वर-खाली ओढून पाहिली.

"काय सफाई आहे हाताला!" नवरा पडल्या पडल्या म्हणाला.

"चेन आहे ती," त्या म्हणाल्या, आणि दोरा दातांनी तोडला.