वहीत नसलेलं वाक्य

बाईंनी अठरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवली. छापखान्यात त्यांना सगळे ‘भिंग’ म्हणत आणि तेही तोंडावर. भल्याभल्या लेखकांना त्यांनी घाम फोडला होता. बेचाळिसाव्या वर्षी मात्र त्यांच्या मनाने घेतलं, की आता आपण लिहायचं. कथाबिथा नाही, खरी माणसं आणि घडलं तसं.

पहिलाच लेख लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या दोघा मित्रांवर होता. बावीस वर्षांची जोडी. एके दिवशी पाचव्या मजल्यावर एक जण लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करत होता, दुसरा उघड्या दारात होता. दोर तुटला आणि टपावरचा लिफ्टसकट खाली गेला. वाचलेल्या जोडीदाराकडे बाई चार वेळा गेल्या. दोर, कप्पी, ग्रीस, मित्राची बोलण्याआधी खाकरायची सवय, सगळं त्याने भरभरून सांगितलं. त्या क्षणाविषयी मात्र एवढंच म्हणाला, “मी मागे झालो. तो गेला.” पुढे विचारायला बाईंची जीभ रेटली नाही.

संपादक म्हणाले, “छान जमलंय हो, पण शेवट कोरडा वाटतो. जाताना काहीतरी बोललाच असेल की तो!”

बाईंनी एक वाक्य घातलं. ‘मागे हो!’ तो ओरडला आणि दिसेनासा झाला.

लेख गाजला. ओळखीपाळखीच्यांनी डोक्यावर घेतलं, एक प्रकाशक अशा लेखांचं पुस्तक काढतो म्हणाला, बाई हुरळून गेल्या. पण छापून आल्या दिवसापासून ते वाक्य त्यांच्या मानगुटीवर बसलं. लिफ्टचं दार मिटलं की वरून कुणीतरी खाकरायचं, मग ओरडायचं. ज्याला त्यांनी जिवंतपणी कधी पाहिलं नव्हतं, त्याचा आवाज त्या आता गर्दीतही ओळखू शकल्या असत्या. त्या भाजीच्या पिशव्या घेऊन चार मजले जिन्याने चढू लागल्या. “चला, गुडघ्यांचं काही का होईना, वजन तरी उतरेल,” धाकटी बहीण म्हणाली. बाईंना भीती वाटत होती, पण सांगणार कुणाला आणि काय?

पुस्तकाची मुद्रितं तपासायला आली. बाईंची एक शिस्त होती: प्रत्येक वाक्यापुढे समासात आपल्या वहीतल्या पानाचा आकडा टाकायचा. आकडे पडत गेले. एका ओळीपुढचा समास कोरा राहिला. ओळ खोडायची, पण आधी त्या वाचलेल्या जोडीदाराला जाऊन सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

रविवारी सकाळी त्याच्या बायकोने दार उघडलं. “या ताई! तुमच्यामुळे आमच्या घरातला माणूस माणसात आला बघा. कामावर जातात, जेवतात, झोपतात.” भिंतीवर लेखाचं कात्रण चौकटीत लावलेलं होतं.

तो समोर येऊन बसला. “ताई, तुम्हाला कळलं तरी कसं? मी तर सांगितलं नव्हतं. मलाच आठवत नव्हतं. वाचलं आणि त्याचा आवाज आला कानात. वर्षभर मी स्वतःला खात होतो, की हात द्यायचा सोडून मी मागे कसा सरलो. तो म्हणाला म्हणून सरलो हो.”

आता चहा प्यायचा, बरं आहे म्हणायचं आणि निघायचं. दुसऱ्या कुणालाही ते जमलं असतं. बाईंनी खूप प्रयत्न केला, चहा निम्मा संपवलाही. पण ओळ खोडली तर एक दिवस पुस्तकात ती नाही हे त्याला दिसणारच होतं, आणि ठेवली तर बाईंना पुन्हा एकही खरं वाक्य लिहिता आलं नसतं.

“ते वाक्य तुम्ही मला सांगितलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “ते मी रचलं. मनाने. तो काही बोलला की नाही, मला माहीत नाही. मी चुकले.”

त्याची बायको बशी उचलता उचलता थांबली. तो रागावला असता तर बाईंना हलकं वाटलं असतं. पण ज्याला माहीत आहे त्यालाच विचारावं, तसं त्याने हळूच विचारलं,

“मग मी मागे का झालो, ताई?”