चंद्रीवरचा आरोप आणि तीन जातींच्या माश्या

मी एका शेळीच्या तोंडाचं माप घेतलेलं आहे. साडेसहा सेंटिमीटर.

वेळच तशी आली होती. सापगावच्या आमच्या अंगणात बायकोने लाडाने वाढवलेल्या गुलाबाची पानं कोणीतरी कडेने कातरत होतं. प्रत्येक तुकडा गोल, पट्टीने नऊ मिलिमीटर! संशय शेजारच्या जनामावशीच्या चंद्रीवर. (नऊ मिलिमीटर आणि साडेसहा सेंटिमीटरचा मेळ बसेना, तेव्हा मी निष्कर्ष काढला की चंद्री फार जपून खाते.)

"मावशी, तुमच्या शेळीने बेचाळीस पानं खाल्ली."

"चंद्रीनं? आरं, ती खायला लागली तर मोजायला पान तरी ऱ्हाईल का?"

"माझ्याकडे नोंद आहे."

"येवढा जाच असंल तर येत्या बाजाराला मुरबाडला नेऊन इकते तिला. मग बस मोजत!"

मावशी डोळे पुसत आत गेली. चंद्रीला तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. बायको माझ्याशी बोलायची थांबली.

मग चंद्रीला रंगेहाथ पकडायला मी अंगणात खुर्ची टाकली. मावशीने तिला बांधून ठेवलेलं, तरी दोन दिवसांत कातरलेली पानं बेचाळीसची एकावन्न झाली! (मी लिहिलं: शेळी सुटते.) वेळ वाया जाऊ नये म्हणून फुलांवर एकेकट्या येणाऱ्या, पोळं नसलेल्या बारक्या मधमाश्याही वहीत टिपल्या. तीन जाती सापडल्या: काळी, पिवळ्या पोटाची आणि हिरव्या पोटाची.

बाजाराच्या दिवशी मावशी चंद्रीचा दोर धरून निघाली. बायकोने तिला आमच्या फाटकात अडवलं. "मावशी, थांबा! अहो, काहीतरी बोला ना!"

तेवढ्यात गुलाबावरून एक माशी उडाली. माफी मागायची सोडून मी वहीने तिच्याकडे दाखवलं. "मावशी, माझ्या तीन जातींतली ही हिरवी माशी बघा. दुर्मीळ असणार!"

मावशीने डोळे बारीक केले. "हिरवी कुटली? पान धरलंय तिनं पोटाशी!"

माशी कपड्यांच्या दोरीच्या बांबूत शिरली, पान आत ठेवून बाहेर आली ती काळी. गुलाबावर बसली, कात्रीने कापावा तसा गोल तुकडा काढला, परत हिरवी. बांबूतून निघाली, वालाच्या फुलांवर लोळली आणि पराग माखून पिवळी!

"तीन जाती नाय रे भाऊ, येकच बाय हाय! तीनदा लुगडं बदलून आली!" मावशी हसता हसता पायरीवर बसली.

मी वही मिटली. "मावशी, चुकलो. बाजार राहू द्या. चंद्रीला आजपासून आमच्या अंगणात मोकळीक."

मावशीने दोर सोडला. चंद्रीने मोकळीक लगेच घेतली. साडेसहा सेंटिमीटरच्या त्या तोंडाने अख्खा गुलाब काट्यांसकट चार मिनिटांत संपवला. (घड्याळ माझ्या हातात होतं.)

बायको माझ्याकडे बघत होती. आरोपी समोर, पुरावा तिच्या पोटात. मी वही उघडली आणि लिहिलं: चंद्री निर्दोष.